'येते' बोलून गेलेल्यांचे घर

नगरला परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "मास्तर, हैदराबादेत घर मिळालं का?" उपासनेनंतर देवळाच्या दारात विचारतात, भाजीबाजारात विचारतात. मी "नाही" म्हणतो आणि पुढे जातो. पण हे उत्तर अर्धेच खरे आहे. घर मिळाले होते. चांगले, हवेशीर, आमच्या आवाक्यातले. ते मी सोडले. सोडून बरे केले की वाईट, याचा निवाडा मला अजून करता येत नाही. ज्यांनी ते शहर पाहिलेले नाही त्यांना तिथली हकीकत सांगावी, आणि सांगताना काही लपवू नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

वाडी जंक्शन

आमची मिशनची शाळा या उन्हाळ्यात बंद होणार. शाळेबरोबर आवारातल्या आमच्या खोल्याही जाणार. हैदराबादेत एका शाळेला मराठीचा शिक्षक हवा होता. संस्थान भारतात विलीन होऊन एक वर्ष उलटून गेले होते आणि तिथे सगळ्याच खात्यांत नवी भरती चालली होती. नोकरी नक्की झाली, पण घर शाळा देणार नव्हती. म्हणून नाताळ आटोपल्यावर मी घर शोधायला एकटाच निघालो. बायको शांता आणि दोघी मुली मागे राहिल्या.

माझा जन्म मिशनच्या आवारात झाला, लग्नही तिथेच झाले, आईवडिलांना माती तिथेच दिली. पण त्या आवारातली एक वीट आमची नव्हती. आमचे घर असे एकदाच होते, आजोबांचे, गावाबाहेरच्या वस्तीत. त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या आठवड्यात भाऊबंदांनी त्याला आपले कुलूप घातले. आजोबा दोन भांडी आणि आजीला घेऊन नगरला चालत आले. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती ऐकताना आता कोणाला वाईटही वाटत नाही.

वाडीला गाडी बदलावी लागते. घाईघाईत वळकटी घेतली, कंदील घेतला, आणि शांताने दिलेली भाकरी-चटणीची पिशवी पहिल्या गाडीतच राहिली. पुढच्या डब्यात समोर एक तेलुगू जोडपे बसले होते. माझी चुळबुळ पाहून त्या बाईंनी पळसाच्या पानावर चिंचेचा पिवळा भात वाढून पुढे केला. मी डोळे मिटून अन्नासाठी देवाचे आभार मानले, तेवढा वेळ नवऱ्याने स्वतःचा घास हातातच धरून ठेवला. मग मोडक्या हिंदीत तो म्हणाला, "आपका सोंत ऊरु?"

सोंत ऊरु म्हणजे स्वतःचे गाव. मी नगर सांगितले.

"वहाँ अपना घर है?"

"नहीं."

"खेती?"

"नहीं."

तो विचारात पडला. "फिर अपना कैसा?" त्याने अगदी सरळपणाने विचारले. बायकोने त्याला कोपराने ढोसले आणि मला आणखी भात वाढला. आपल्याकडे प्रवासात आडनाव विचारतात, म्हणजे सगळे कळले. त्यांच्याकडे गाव विचारतात. दोन्हीकडे माझी अडचण होते.

सिकंदराबाद

शांताचा धाकटा भाऊ सामुएल रेल्वेत आहे. स्टेशनवर तो हात पसरून उभा होता. "या दाजी! घर शोधायला आलात ना? शोधायचं काम संपलं. आता फक्त राहायचं काम बाकी."

त्याच्या क्वार्टरमध्ये ज्वारीची भाकरी आणि आंबट डाळ खाल्ली. इथे डाळीत गूळ घालत नाहीत. चिंच मात्र अशी घालतात की पहिल्या घासाला डोळा मिटतो आणि तिसऱ्या घासाला आपण आणखी मागतो. जेवताना सामुएलने सांगितले ते असे. विलीनीकरणाच्या आधीच्या आणि नंतरच्या गडबडीत शहरातली पुष्कळ मुसलमान कुटुंबे घरे सोडून गेली. ती बंद घरे सरकारने ताब्यात घेतली, आणि त्यांतली काही नोकरदारांना भाड्याने मिळत होती. त्याच्या ओळखीच्या एका कारकुनाने नल्लकुंट्यातले असे एक घर माझ्यासाठी बाजूला ठेवले होते. बघायला किल्लीही दिली होती. सही तेवढी सोमवारी करायची.

मी तिथेच, ताटावर बसल्या बसल्या, देवाचे आभार मानले. मनापासून मानले. घर कोणाचे, हे मी विचारले नव्हते. ही गोष्ट मला पुढे फार टोचली, आणि आजही टोचते. आधी आभार मानले, मग चौकशी केली.

नल्लकुंटा

टांग्याने गेलो. मला शहर दाखवायला सामुएलने टांगा आधी कोठीच्या बाजारातून नेला. अत्तरवाले, पुस्तकांची दुकाने, वैद्यांच्या आणि डॉक्टरांच्या पाट्या एकीला एक लागून, आणि एका पाटीवर उर्दू, तेलुगू, मराठी अशा तिन्ही लिप्या. कोठी मागे पडल्यावर गर्दी विरळ झाली. नल्लकुंट्यात घरांच्या मधून अजून चिंचेची झाडे आणि मोकळ्या जागा आहेत.

घर बैठे होते. दारापुढे दगडी ओटा, आत फरसबंद अंगण, अंगणाच्या दोन बाजूंना खोल्या. एका कोपऱ्यात मोगऱ्याचा मांडव होता आणि मोगरा वाळून काटक्या झाला होता. कोनाड्यांत धूळ होती. भिंतीवर जिथे काहीतरी टांगलेले असावे तिथे चुन्याचा रंग उजळ राहिला होता. मी हे सगळे पाहिले, पण खरे सांगायचे तर मला दुसरेच दिसत होते. या खोलीत मुली झोपतील. या ओट्यावर मी वह्या तपासीन. स्वयंपाकघरात प्रकाश येत होता. शांताने आयुष्यभर धुरकट खोलीत डोळे चोळत स्वयंपाक केला आहे. फळीवर एक जुने पातेले राहिले होते. ते उचलून मी चुलीवर ठेवून पाहिले. ते घसरून फरशीवर आपटले आणि मोठा आवाज झाला.

पलीकडच्या भिंतीत कमरेएवढे एक दार होते. मला ते कपाट वाटले होते. ते दार उघडले, आणि एका बाईंचा आवाज आला.

"रझिया? आलीस का गं?"

वाकून आत आल्या त्या साठीच्या बाई होत्या. नऊवारी लुगडे, हातात निवडायची अंबाडी तशीच. मला पाहून त्या जागच्या जागी थांबल्या.

"भांड्याचा आवाज आला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं रझिया आली."

या वेणूबाई. त्यांच्या सासरची माणसे कित्येक पिढ्या संस्थानच्या कचेऱ्यांत नोकरीला. मुलगाही कचेरीत. घरात मराठी, पण हैदराबादची. 'हो'ला 'हौ' आणि 'नको'ला 'नक्को'. भिंतीतले ते दार दोन्ही घरांच्या बायकांसाठी होते. रस्त्यावर न जाता त्या एकमेकींकडे जात. अशी दारे तिथे जुन्या घरांत असतात. आपल्याकडे शेजाऱ्याची भिंत वीतभर इकडे सरकली तर कोर्टात जातात, हे मी त्यांना सांगितले नाही.

"कधी गेली ती माणसं?" मी विचारले.

"परवाच गेले की."

मी चपापलो. चुलीकडे पाहिले. चुलीत कोळ्याने जाळे धरले होते.

सामुएल हसायला लागला. "दाजी, इथला परवा असाच. काल म्हणजे काल, आणि त्याच्या मागचं सगळं परवा. आदाम एदेन बागेतून बाहेर पडला, तोसुद्धा परवाच."

"हौ, हसा तुम्ही," वेणूबाई म्हणाल्या, आणि स्वतःही थोड्या हसल्या. "पोलीस ॲक्शनच्या आधी गेले. पण मला परवाच वाटतं, त्याला मी काय करू?"

"कुठे गेले?"

"कोण बोलतं गुलबर्ग्याला बहिणीकडे, कोण बोलतं कराचीला. मला कोण सांगणार? रात्री टांगा आला. रझिया या दारात उभी राहिली. वेणू, येते, एवढं बोलली. येते बोलून गेली."

"जाताना सगळे येतोच म्हणतात, काकू," सामुएल म्हणाला. "मीपण रोज ड्यूटीवर जाताना येतोच म्हणतो."

"मग येता ना रोज?"

सामुएल किल्ली हातात फिरवत अंगणात गेला.

मग वेणूबाईंनी माझी चौकशी केली. ख्रिस्ती आहे, मास्तर आहे, दोन मुली आहेत, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "चांगलं झालं. तुम्हीच राहा. खाली मकान वाळवी खाते. कोण कुठला येईल, फरश्या उखडेल, मोगरा काढून म्हशी बांधेल. तुम्ही सांभाळा. रझिया आली की देऊन टाका." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "देऊन टाकाल ना?"

"हो," मी म्हणालो. फार पटकन म्हणालो.

परत जाताना टांग्यात सामुएल पडद्यांची मापे सांगत होता आणि मी त्या 'येते'वर अडकलो होतो. आपण दिवसातून कितीदा येतो म्हणतो. भाजीवाल्याला म्हणतो, मयताच्या घरातून निघताना तेवढे म्हणत नाही. 'जातो' तोंडातून निघू नये म्हणूनच म्हणतो. त्याला कोणी वचन समजत नाही. पण मी ख्रिस्ती माणूस. आमचा सगळा विश्वास अशाच एका येतोवर उभा आहे. शिष्यांचा निरोप घेताना प्रभूने त्यांना घराचेच वचन दिले होते. त्यांच्यासाठी जागा तयार करून आपण परत येऊ, असे सांगून तो गेला. किती पिढ्या लोटल्या, आणि आम्ही अजून त्याच्याबद्दल परवाच गेला असे बोलतो. आमचे हे बोलणे खरे, आणि रझियाबीचे मात्र नुसते तोंडचे, हे मी कशाच्या जोरावर ठरवू?

घराची प्रार्थना

सामुएलला दम निघत नव्हता. शनिवारी तिथल्या देवळाचे पाळकसाहेब मोकळे आहेत, तर सहीच्या आधीच घराची प्रार्थना उरकून घेऊ, असे त्याने ठरवून टाकले. आमच्या मंडळीत या प्रार्थनेची एक रीत आहे. लोक दाराबाहेर उभे राहतात. घरमालक असो की भाडेकरू, जो राहणार तो चौकटीवर हात ठेवून मोठ्याने म्हणतो, "हे घर देवाने आम्हांला दिले." मग पाळक दार उघडतात आणि गीत गात सगळे आत जातात. नगरच्या आवारात मी हे वाक्य कितीदा ऐकले होते. म्हणायची पाळी माझ्यावर प्रथमच येत होती.

सिकंदराबादची दहाबारा माणसे आली होती. सामुएलच्या बायकोने खोबऱ्याच्या वड्या करून आणल्या होत्या. आवाज ऐकून वेणूबाई आपल्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. पाळकसाहेब म्हातारे, मूळ जालन्याकडचे. त्यांनी मान हलवून मला खूण केली.

मी चौकटीवर हात ठेवला. लाकूड उन्हाने तापले होते. 'हे घर' एवढे म्हणालो आणि पुढचे शब्द येईनात. देवाने दिले, तर कोणाकडून घेऊन दिले? आमच्या आजोबांच्या घराला ज्यांनी कुलूप घातले, त्यांनीही रात्री जेवताना देवाचे नाव घेतलेच असेल.

"बोला ना दाजी," सामुएल पुटपुटला.

"हे घर रझियाबीचे आहे," मी म्हणालो.

पाळकसाहेबांनी गीताचे पुस्तक मिटले. मग त्यांनी चौकटीच्या दुसऱ्या बाजूला हात ठेवला, आणि जे लोक या घरातून गेले ते जिथे असतील तिथे त्यांच्या डोक्यावर छप्पर असो, अशी प्रार्थना केली. आम्ही आत गेलोच नाही. वड्या रस्त्यावरच वाटल्या.

वेणूबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्यांनी दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला. त्या नमस्काराचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मुख्य रस्त्यापर्यंत पाळकसाहेबांबरोबर चालत गेलो. ते म्हणाले, "घेऊ नका असं मी सांगणार नाही, मास्तर. तुम्ही राहिलात तर ते घर जपाल."

"नाही जपणार," मी म्हणालो. "मी स्वतःला ओळखतो. पहिल्या वर्षी मी मोगऱ्याला पाणी घालीन. दुसऱ्या वर्षी मुलींची उंची भिंतीवर खुणा करून मोजू. त्यानंतर ती दारात आली तर मी तिला सरकारी कागद दाखवीन. नम्रपणाने दाखवीन, पण दाखवीन."

माझा खांदा थोपटून ते आपल्या वाटेने गेले. सामुएल मात्र संध्याकाळभर बोलत होता. "तुमच्या विवेकबुद्धीला अंगणासकट घर लागतं, दाजी, आणि माझ्या बहिणीला व्हरांडासुद्धा नको का? तुम्ही सोडलंत म्हणून ते घर त्या लोकांना मिळणार आहे काय? उद्या दुसरा घेईल." बहिणीच्या काळजीने तो बोलत होता. त्याचा एकही शब्द खोटा नव्हता. सोमवारी मी सही न करता किल्ली परत केली.

पुन्हा नल्लकुंटा

पुढचे दिवस भाड्याच्या खोल्या शोधण्यात गेले. काचीगुडा, बरकतपुरा, पार दिलसुखनगरच्या माळापर्यंत हिंडलो. एके ठिकाणी मालकाने माझे नाव विचारले, आणि ते ऐकल्यावर खोली कालच गेली म्हणून सांगितले. एके ठिकाणी मालकीणबाईंनी मांसमच्छी शिजवणार का एवढेच विचारले. नाताळला, प्रभूच्या आईबापांना धर्मशाळेत जागा न मिळाल्याच्या गोष्टीवर आम्ही दरवर्षी प्रवचन ऐकतो. ऐकायला ती गोष्ट सोपी आहे.

निघायच्या आदल्या दिवशी वाटले, वेणूबाईंना सांगायला हवे. आपण घर घेतले नाही, ते त्यांच्याच मैत्रिणीच्या मानासाठी, हे त्यांना कळावे. आता कबूल करायचे तर, त्यांनी मला पुन्हा एकदा हात जोडावेत असेही कुठेतरी मनात होते.

गल्लीच्या तोंडाशीच बैलगाडी उभी होती. तिच्यावरून खाट, पेट्या, जाते असे सामान उतरत होते. रझियाबीच्या घराचे दार सताड उघडे होते आणि कोणीतरी बादल्या ओतून अंगण धूत होते. वाळलेल्या मोगऱ्याच्या काटक्या मांडवासकट बाहेर रस्त्यावर पडल्या होत्या.

वेणूबाई आपल्या ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या नाहीत.

"सकाळपासून मी त्यांना विचारते आहे, मास्तर कुठं आहेत," त्या म्हणाल्या. "ते बोलतात, कोण मास्तर?"

"मी घर घेतलं नाही, वेणूबाई."

"दिसतंय की."

"रझियाबीचं घर मी कसं घेऊ? म्हणून मी—"

"तुम्ही दारात उभे राहून सगळ्यांपुढे बोललात, हे घर रझियाचं आहे. मी म्हटलं, वचन दिलं माणसानं. मी घरात जाऊन देवापुढे साखर ठेवली." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही फक्त नाही बोलून गेलात होय?"

"मला भीती वाटली," मी म्हणालो. "पुढे मी ते परत केलं नसतं, अशी."

"मग मी होते ना शेजारी. मी भांडले असते तुमच्याशी. तुमच्या बायकोला सांगितलं असतं. या लोकांशी मी काय भांडू? ते बोलतात, आम्ही सरकारकडून घेतलं, रझिया कोण?" त्या माझ्याकडे नीट पाहत म्हणाल्या, "तुम्हांला तुमचं मन साफ ठेवायचं होतं, मास्तर. मला घर ठेवायचं होतं."

वाटेत मी काही वाक्ये जुळवली होती. त्यांना ख्रिस्ती माणसाने घराकडे कसे पाहावे, हे मी सांगणार होतो. आपण सगळे या जगात वाटसरूच, असे काहीतरी.

त्या उठल्या. "उन्हाचे आलात. जेवून जा," म्हणाल्या.

मी नको म्हणालो.

"नक्को बोलायचं नाही. दारात आलेला माणूस उपाशी जात नाही आमच्याकडे."

त्यांनी स्वयंपाकघरात पाट मांडला. अंबाडीची भाजी, आंबट डाळ, गरम भाकरी. माझ्या पाठीमागेच ते कमरेएवढे दार होते. त्याला आता अलीकडून कडी लावलेली होती. मी डोळे मिटले, पण आभाराचे शब्द जुळेनात, म्हणून तसाच जेवायला लागलो. भिंतीपलीकडे कोणीतरी खिळा ठोकू लागले. वेणूबाई मला वाढत होत्या, आणि दर ठोक्याला त्यांचा पळीचा हात ताटावर थांबत होता.